आपण रागावलात का?

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहून राहिलो, तेही राग आल्यामुळं. तुमचा तो जुना फार्स यंदा पुन्हा बसवतो आहे. नवऱ्याचं काम माझ्याकडं आलं, म्हणजे तुमचंच. दिवाळीनंतर केशोरीच्या मंडईच्या जत्रेत रात्री प्रयोग. बायकोचं काम करणारी नटी अजूनही प्रयोगाच्या दिवशीच येते, म्हणून तिची वाक्यं घरच्याच बाईनं वाचून तालीम करून घ्यायची, हेही तसंच आहे.

त्या नाटकात कोणी ओरडत नाही. राग जितका जास्त, तितकी भाषा मऊ. "आपली हरकत नसेल तर" म्हणत समोरच्याची पार सालटी काढायची, लोक त्यालाच हसतात. तुम्ही ते फार झकास करायचे. पण ती भाषा तुम्ही घरी आणली. एरवी "काऊन वं, आयकू येत नाही का?" म्हणून खेकसलात तर आई निर्धास्त असायची. "आपण" म्हणालात की ती काचेच्या बांगड्या उतरवून फळीवर ठेवायची.

तो दिवस मला अजून दिसतो. चुलीवर वांग्याची भाजी, आईच्या मांडीवर वही. वहीत लिहिलंय, "आपण रागावलात का?" आई वाचते, "काऊन रागावले जी?" तुम्ही हसता. "बाईसाहेब, आपण पुन्हा म्हणता का?" ती बांगड्या काढते. पुन्हा तोंडातून "जी"च निघतो, जन्माची सवय बापा! तुम्ही भाजी हलवायचा तापलेला सराटा उचलून तिच्या मनगटावर दाबता. कातडी सराट्याला चिकटून आली. ती किंचाळली तर तिचं डोकं भिंतीवर आपटलं, आणि तिसऱ्यांदा वाक्य म्हणवून घेतलं. या वेळी तिनं बरोबर म्हटलं.

त्याच वाक्याला केशोरीत मंडप लोळला. आई बायकांत बसली होती, हळद लावलेला हात पदराखाली घेऊन. तीही हसली, अगदी बरोबर जागेवर. हा माणूस मेला तरी रडायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. नाही रडलो.

काल दुपारी बायको धान कापायला गेली होती, म्हणून तिसरीतली माझी पोरगी वही घेऊन बसली. तिचं वाक्य दोनदा चुकलं. मी मऊ आवाजात म्हटलं, "बाईसाहेब, आपण जरा इकडे येता का?" पोरगी उठली, डोळ्यांवरचा चष्मा काढला, फळीवर ठेवला आणि मग आली. आई बाजूलाच तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं एवढंच विचारलं, "सराटा देऊ का रे?"

काम मी आज सकाळी दुसऱ्याला दिलं. हे पत्र वहीतच राहील, पाठवायचं तरी कुठं? पण एक सांगून टाकतो. तो चष्मा दुसरा आहे. पहिला श्रावणात फुटला. पोरगी पायरीवरून पडली, असं मी शाळेतल्या बाईंना सांगितलं होतं, फार आदबीनं.