पानवेशीच्या वळणावरचे नऊ इंच

मंगळवार, २६ सप्टेंबर २००६. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे.
सकाळी लाल ऑइलपेंटचा डबा उघडून काडीने ढवळत होतो, तेवढ्यात महापालिकेच्या ओव्हरशियर साहेबांचा माणूस आला. काम नक्की झालं. पानवेस ते भाजीबाजार, एकेचाळीस घरं. प्रत्येक घरावर नंबर घालायचा आणि लाल रेघ मारायची. रेघेच्या रस्त्याकडचं सगळं पडणार. रस्ता चोवीस फूट होणार. घरामागे १२ रुपये.
साहेबांना विचारलं, अमरावतीत इतके पेंटर, मग मीच का? म्हणाले, "तुझे आकडे वाचता येतात." खूश झालो. दुपारपर्यंत खुशी उतरली. आमचा रस्ता, आमचीच घरं.
नियम उतरवून ठेवतो, चूक नको: इकडच्या नालीच्या रस्त्याकडच्या काठापासून समोरच्या नालीच्या रस्त्याकडच्या काठापर्यंत सूत धरायचं. त्याचा मध्य काढायचा. मध्यापासून दोन्हीकडे १२ फूट.
साहेबांच्या यादीत फक्त नंबर आणि मालकाचं नाव. "मापं तू ठेव, मागाहून उतरवून घेऊ." म्हणून मापं या वहीत, रोजच्या रोज.

बुधवार, २७
घरं १ ते १८ झाली. मापं मागच्या पानांवर. साहेबांचा माणूस सुताचं दुसरं टोक धरत होता.
कोणी भांडलं नाही. वाटलं होतं भांडतील. नं. ७ वाल्या आजोबांनी उलट चहा पाजला. म्हणाले, "नंबर जरा मोठा काढ गजा, चष्मा लागते मले." ७ चं पोट वाकडं आलं. पुसून पुन्हा काढला.
शेवंताकाकू वेशीच्या कमानीखाली फुलं घेऊन बसल्या होत्या. आधी वळणावर बसायच्या; आषाढात तिथेच सरकीच्या ट्रकने त्यांना उडवलं. ओट्यांमुळे ट्रक दिसला नाही, ट्रकवाल्याला काकू दिसल्या नाहीत. डाव्या पायात सळई आहे, जवळ काठी. मी म्हटलं, काकू, ओटे जाणार सगळे. तर म्हणाल्या, "जाऊ दे. ओट्याले पाय नसते, मले होते."
डबा उचलून घरी आलो.

गुरुवार, २८
वळण. नं. १९ बशीरचाचा पिंजारी. बरोबर समोर नं. २० आम्ही.
साहेबांचा माणूस आला नाही. चाचा म्हणाले, "आन इकडं सूत, मी धरतो." रोजा होता, तोंड सुकलं होतं. ओट्यावर बसूनच त्यांनी टोक धरलं. मी आमच्या बाजूने.
रस्ता १६ फू. ६ इं. मध्य ८ फू. ३ इं.
नं. १९: ओट्यातून ३ फू. ९ इं. जातात. ओटा चार फुटांचा. उरतात ३ इंच.
नं. २०: नालीचा दीड फूट वजा करून २ फू. ३ इं. जातात. पायऱ्या जातात, भिंत वाचते.
भिंत वाचली हे पाहून बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. चाचांच्या ओट्यावर रेघ मारताना त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "सीधी मार बेटा. तुही रेघ वाकडी नसते."

शुक्रवार, २९
काम केलं नाही. कोरडा खोकला.
चाचांच्या ओट्याबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे पडल्यावर कोणी विचारलं तर.
शाळा आठवीत सुटली, पण अक्षर शाळेत बसलंच नव्हतं. चाचा धुनकीने दिवसभर कापूस पिंजायचे. धुनकीच्या दोरीचा, तांतीचा आवाज वेशीपर्यंत जायचा, टंग् टंग् धुम्. संध्याकाळी ओट्याच्या काळ्या दगडावर पांढरी धूळ बसलेली असायची. तिच्यात मी बोटाने लिहायचो. चुकलं की फुंकर. वही लागली नाही, मार लागला नाही. 'ज्ञ' मला तिथे आला. चाचांना मराठी वाचता येत नाही, तरी मान हलवून म्हणायचे, "हे जरा लंगडून राहिलं." आणि ते अक्षर खरंच लंगडत असायचं.
थंडीच्या तोंडावर वलगावकडची माणसं घरचा कापूस गाठोड्यात बांधून आणायची. गादी तयार होईस्तोवर ओट्यावर बसायची, भाकरी तिथेच सोडायची. सात-आठ जण सहज मावायचे. आता दोन वर्षं गाठोडी येत नाहीत. चाचा म्हणतात, "कापूस इकूनच पुरत नाई त्याईले, गादीले कुठून ठेवतीन?" धुनकी आठवड्यातून एकदा वाजते. तरी ओटा रोज झाडतात.

सोमवार, २ ऑक्टोबर. दसरा.
शेवंताकाकूंनी झेंडूची माळ दिली. पैसे घेतले नाहीत. "तुह्या डब्याले बांध, ब्रशाले बांध." बांधली. काकूंना विचारलं, ओटा गेला तर तुम्हाला काहीच नाही वाटणार? म्हणाल्या, "माहं लग्न झालं तवा वरात त्या ओट्यावर टेकली होती. चाचाच्या मायनं शरबत देल्लं होतं." मग पुन्हा फुलं ओवायला लागल्या.

शनिवार, ७
२१ ते ४१ पूर्ण. साहेबांना सांगितलं. ते आले, उभ्या उभ्या पाहिलं. चाचांनी त्यांना थांबवून विचारलं, "साहेब, रस्ता रुंद करन्यापरीस वेशीत दोन दगड उभे करा ना. ट्रक येनारच नाई."
साहेब: मग बाजारात माल कसा जाईल?
चाचा: आंगोदर जसा जात होता. बंडीनं, हातगाडीनं.
साहेब हसले. म्हणाले, "चाचा, बंडी राहिल्या किती?" चाचाही हसले. पण साहेबांनी खिशातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही.

शुक्रवार, १३
दिवाळी एकवीसला, ईद तिच्या मागोमाग. सगळा रस्ता एकदमच चुना लावून राहिला आहे. हिंदू घरं, मुसलमान घरं, एकाच दुकानातून चुना, एकच शिडी या घरातून त्या घरात.
सकाळी आईने आमच्या पायऱ्या केल्या. पहिला हात मारला तो माझ्या लाल रेघेवर. मी ओरडलो. आई म्हणाली, "मंग काय सनाले लाल फरांटा ठेवू दारात?" तीन हात दिले तेव्हा लाल दिसायचं थांबलं.
बाहेर येऊन पाहिलं. १ ते ४१, एकही नंबर नाही. कोणी ठरवून केलं नाही. दरसाल करतात तसंच केलं.
वही उघडून मापं पाहिली.

बुधवार, २५. ईद.
चाचांकडे शीरखुर्मा. ओटा पांढराशुभ्र. रेघ होती तिथे हात फिरवून पाहिला, थोडा उंचवटा लागतो. चाचांनी ते पाहिलं.

सोमवार, ३०
जुन्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब जीपने आले, यादी हातात. खुणा नाहीत. लाल झाले. "हे काय आंदोलन आहे का?"
चाचा ओट्यावरून: "नाई साहेब. दिवाळी होती. ईद होती. भिंतीले चुना लावला."
साहेब: एकेचाळीस घरांनी?
चाचा: बेचाळीस. मसजिदीलेबी लावला.
लोक हसले. साहेब नाही हसले. मापं कोणाकडे आहेत विचारलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. वही दाखवली. "ठीक. परत मार. शुक्रवारी ११ वाजता येतो, माझ्यासमोर मापं फायलीत चढतील. मग बदल नाही."
म्हणजे जे मी लिहीन तेच खरं धरणार.

मंगळवार, ३१
वहीतल्या मापांवर खुणा मारत गेलो. १ ते १८ ठीक. तरी प्रत्येक ठिकाणी सूत पुन्हा धरून पाहतो, सवय. आज सोबतीला कोणी नव्हतं, म्हणून नालीच्या काठावर खिळा ठोकून सूत बांधलं.
वळण: १५ फूट.
पुन्हा: १५ फूट.
वहीत १६ फू. ६ इं. सूत बदललं. १५ फूट. दीड फूट कुठे गेला? नाली दीड फुटाची आहे.
चाचा ओट्यावर बसले होते. टोक नालीच्या अलीकडच्या काठावर हवं होतं, ते पलीकडे ओट्याला टेकलं होतं. मी पाहायला हवं होतं. पाहिलं नाही.
खरी मापं: मध्य ७ फू. ६ इं. नालीचा दीड फूट वजा करून दोन्ही घरांतून ३-३ फूट.
नं. १९: ओट्याचा एक फूट उरतो. एका फुटावर माणूस टेकतो. तीन इंचांवर मांजरही बसत नाही.
नं. २०: पायऱ्या आणि पुढची भिंत. आईची खाट त्या भिंतीला आहे.
नऊ इंच. चाचांचे, मी आमच्याकडे घेतलेले.

बुधवार, १ नोव्हेंबर
आधी एक पाहून घेतलं. वळणावर काकू बसायच्या त्या जागी जमिनीवर बसलो. चाचांच्या ओट्यावर दोन विटा ठेवल्या, एक तीन फुटांवर, एक तीन फूट नऊ इंचांवर. बाजाराकडून टेम्पो येईपर्यंत थांबलो. ओटा तीन फूट कापला तरी टेम्पो लांबूनच दिसेल. शेवंताकाकूंना काठीसकट आणून बसवलं, त्यांनीही पाहिलं. "दिसते," म्हणाल्या. "मंग उरलेला कापता काहून?"
म्हणजे काकूंच्या पायांसाठी ते नऊ इंच लागत नाहीत. फक्त आमच्या भिंतीसाठी लागतात.
गवंड्याला विचारलं. भिंत मागे घेऊन बांधायची तर साडेसहा हजार. मोबदला मिळतो म्हणतात. कधी, ते कुठे लिहिलेलं नाही.

गुरुवार, २
सकाळी चाचांकडे गेलो. वही घेऊन. वाचून दाखवलं, आकडे दाखवले. म्हटलं, चूक माझी आहे, तुम्ही रोजात होता, वाकता आलं नसेल, मी बघायला पाहिजे होतं.
चाचा तांत पुसत होते. म्हणाले, "सूत कोनी धरलं होतं?"
तुम्ही.
"मंग चूक तुही कशी?"
मी वही मिटली.
"चाळीस वर्सापासून नालीच्या काठावर बसून राहिलो मी. कुठचा काठ कुठं हाय, मले समजत नाई? तुह्या मायची भिंत होती तिकडं."
म्हटलं, चाचा, पण ओटा—
"ओट्यावर आता येते कोन? तू येत जाय. तुले तीन इंच पुरतीन, तू बारीक हायेस."
हसले. मला हसता आलं नाही. म्हटलं, मी तसं लिहू शकत नाही, माप खोटं होईल. चाचा म्हणाले, "तुले लिहाले मी शिकवलं नाई, मले येतच नाई. तुह्या मनानं शिकला. तुह्या मनानं लिहिजो." आणि आत गेले. धुनकी खुंटीवरून काढून आत नेली. ती खुंटी रिकामी मी आज पहिल्यांदा पाहिली.
घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "त्याईनं आंगोदर सांगतलं नाई मले."
दुपारी काम करून आलो तर पुढच्या भिंतीवरचे फोटो खाली उतरवलेले. देवाचा, बाबांचा, माझा सातवीतला. खाट आतल्या भिंतीला लावलेली. विचारलं, हे काय? "चुना लावाचा हाय." चुना तेराला लावून झाला आहे.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ९ वाजून १० मिनिटे.
३९ घरांवर खुणा झाल्या. १९ आणि २० कोरी.
चाचा त्यांच्या दारात उभे आहेत, सुताचं टोक हातात, ओट्याला टेकवून. आई आमच्या दारात. दोघं एकमेकांकडे पाहत नाहीत. शेवंताकाकू काठी टेकत वेशीकडून येऊन राहिल्या आहेत, कोणी सांगितलं कोण जाणे. मी त्यांच्याकडच्या नालीच्या रस्त्याकडच्या काठावर खिळा ठोकला आहे. चाचा म्हणतात, खिळा काढ. आई म्हणते, राहू दे.
साहेब ११ वाजता.

आजपर्यंतचा खर्च:
लाल ऑइलपेंट, अर्धा लिटर, दोन डबे — १५० रु.
ब्रश १ — १८ रु.
सूत (दुसरं) — ६ रु.
खिळे — २ रु.
एकूण १७६ रु.
येणं: ४१ × १२ = ४९२. उचल २०० मिळाली. बाकी २९२ रु. दुसऱ्यांदा मारलेल्या खुणांचे पैसे मिळतील का, विचारलेलं नाही.
देणं: गवंड्याचे साडेसहा हजार, बांधलं तर.
शेवंताकाकू, दसऱ्याची माळ — ५ रु. घेत नाहीत.
बशीरचाचा — नऊ इंच. तेही घेत नाहीत.