लग्नाच्या पंगतीत बांगडा

आई, माझं लग्न ठरलंय. सुनेनं सासूला ही बातमी कशी द्यायची याची रीत कोणी घालून दिलेली नाही, म्हणून सरळ सांगून टाकलं. तुमचा मोठा मुलगा, माझा नवरा, जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊनही एक तप उलटलं. मी पन्नाशीची, हे गृहस्थ साठीला टेकलेले. या वयात कोणी लग्न करतं का, असं गावात विचारतात, तेही मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गृहस्थ पोफळीला वीज केंद्रात नोकरीला होते. बायको गेली तेव्हापासून स्वतःच्या हातानं रांधून खातात. गणपतीपुळ्याला मी ज्या लॉजच्या काउंटरवर बसते तिथे उतरले होते, आणि पहिल्याच दुपारी तक्रार घेऊन आले की सोलकढी बाटलीतली आहे. म्हटलं, हो, बाटलीतलीच आहे. दुसऱ्या दिवशी मी घरची करून नेली. पुढचं तुम्ही ओळखलं असेल, तुमच्यापासून कधी काही लपलंय?

आमच्या लॉजवर हल्ली लग्नं होतात. समुद्राकडे तोंड करून मांडव, हळदीला झाडून सगळे पिवळ्यात, डोक्यावर ड्रोन घोंघावत असतो. हे सगळं बघणारी एक मुलगी आहे, गोड आहे. माझं ठरलंय कळल्यावर मोबाईल सरसावून आम्हा दोघांसमोर बसली. "काकू, लग्नात तुमची दोघांची स्टाईल दिसली पाहिजे. काका, थीम काय ठेवूया?" गृहस्थ म्हणाले, "बांगडा." तिला वाटलं रंग सांगतायत. "सिल्व्हर-ब्लू? फोटो मस्त येतील काका!" मी हसून हसून बेजार झाले, पण त्यांनी ते गमतीत म्हटलं नव्हतं. आमचं लग्न म्हणजे दोन हार, सह्या, आपल्या घरापुढच्या खळ्यात मांडव आणि पंगतीला बांगड्याचं तिरफळं घातलेलं झणझणीत तिखलं, एवढंच. मुहूर्त भटजींना विचारलाच नाही. जयगडहून टोपली घेऊन येते त्या मासळीवालीला विचारला. ती म्हणाली, "थंडी पडू दे गो, मग बघ बांगडा कसा भरलेला येतो." तोच मुहूर्त धरला.

लग्नाच्या पंगतीत मासे, हे ऐकून काकींनी, म्हणजे तुमच्या धाकट्या जावेनं, कपाळाला हात लावला. त्यांना आठवतो तो तेराव्यानंतरचा दिवस, आणि मलाही तोच आठवतो. मी पडवीत भिंतीला टेकून बसलेय, किती दिवसांत धड जेवलेले नाही. भाऊजींच्या, तुमच्या धाकट्याच्या, घशाखाली घास उतरत नाही, पेज पिऊन उठलेत. गावातल्या चार बायका बसायला आल्यात. आणि तुम्ही आतून छोटा टोप घेऊन येता, आपल्या दोघींपुरतं केलेलं तिखलं, तिरफळांचा वास घरभर. काकी म्हणतात की विधवेनं वर्षभर तरी तिखटाला, मासळीला शिवू नये. तुम्ही त्यांच्याकडे बघतही नाही. माझ्यापुढे ताट ठेवता. "खा गो बाय. मेल्यामागनं मरता येत नाय." मी खाल्लं. परत मागितलं. मग टोपच पुढ्यात ओढला आणि भाकरीनं पुसून घेतला. काकी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घोवाची राख निवली नाय, नि टोप पुसून खाल्लान!" तुम्ही हातातली पळी आपटलीत. "खाल्लान तर खाल्लान. माझ्या घरातलं खाल्लान. तुझ्या पोटात का दुखतंय?" त्यानंतर तुमच्या हयातीत गावात मला कोणी काही बोललं नाही.

लॉजची नोकरीही तुमच्यामुळेच. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत आलात आणि मालकांना दटावलंत, "सून नाय ही, लेक हाय माझी. हिला बसायला खुर्ची द्यायची." एकदा एक गिऱ्हाईक वाटेल ते बोललं म्हणून मी रडत घरी आले, आता जाणार नाही म्हणाले. तुम्ही भाजी चिरत होतात, मान वर केली नाहीत. "रडायचं तेवढं आज रडून घे. उद्याची गाडी चुकवायची नाय." तेव्हा तुमचा राग आला होता. आज त्याच खुर्चीवर बसून हे लिहितेय आणि तुमचे उपकार कसे मानावे ते कळत नाही.

पण लग्न लागणार कुठे, तिथेच गाडी अडली होती. माझं माहेर कधीच मोडलं. आपलं घर आता भाऊजींच्या नावावर, आणि ते बायकामुलांसह नालासोपाऱ्याला. मला तुमचंच खळं हवं होतं. दुसऱ्या घरी जायचं तर या घरातून मला कोणीतरी पाठवायला हवं. मी आपली आपण निघून गेले, तर इतकी वर्षं इथे मी होते तरी कोण? भाऊजींना फोन करून एका दमात सगळं सांगितलं. मग "बघतो वहिनी," आणि फोन बंद. आठवडा गेला तरी काही नाही. काकी दारात येऊन सुनावून गेल्या, "तेव्हा टोप पुसलान, आता लगनातपण खायचंच सुचतंय." मी हरले. गृहस्थांना म्हटलं, रत्नागिरीला कचेरीत सह्या करू आणि सुटू. ते म्हणाले, "थांबूया. बांगडा अजून यायचाय."

रविवारी सकाळी भाऊजी दारात. न कळवता, खांद्याला बॅग. घरात आलेच नाहीत, खळ्यात टाच दाबत फिरत राहिले. "उखडलंय सगळं. चोपून सारवून घ्यायला हवं. मांडव मी घालणार वहिनी." मी म्हटलं, मग आठवडाभर एक फोन का नाही केलात? त्यांनी मान फिरवली. "बोलायला गेलो की रडू यायचं. पोरांसमोर कसा रडणार?" मग म्हणाले, "आईनं मला बजावलान होतं. हिचं कधी ठरलं तर इथनंच पाठवायची, पुढच्या दारानं." आई, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत. मी पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडले. भाऊजींनी पाणी आणून दिलं आणि डोळे पुसत म्हणाले, "एकच अट. तिखलं आईचं पाहिजे. त्या दिवशी तू टोप पुसून खाल्लेलंस ना, तस्संच." मी हो म्हटलं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे आणि नको ते गाळायचे, हेही तुम्हाला ठाऊक होतं. हे पत्र तर मी कुणालाच वाचून दाखवणार नाही, म्हणून लिहायचा धीर होतोय. आई, त्या दिवशी तिखल्यात मीठ नव्हतं. कणभरसुद्धा नाही. उभ्या जन्मात तुमचं मीठ चुकलेलं मी पाहिलं नव्हतं, मुलगा गेल्यावर पहिल्यांदा चुलीपाशी बसलात तेव्हा चुकलं. "बरा झालाय ना गो?" असं तुम्ही विचारलंत. मी मान हलवली, आणि तुमच्या ताटात पडायला काही उरू नये म्हणून टोप पुसून खाल्ला.