शोकेसमधला अलार्म

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी ठीक आहे. काम वेळेवर संपतं, जेवण वेळेवर होतं.

मी पाठवलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तुम्ही शोकेसमध्ये, माझ्या प्रशस्तिपत्रांशेजारी ठेवलाय, असं आई म्हणाली. आल्यागेल्याला "लेकीनं पाठवलंय" म्हणून दाखवता म्हणे. बाबा, बंद काचेआड त्याला खोलीतली हवाच लागत नाही, तो वाजणार कसा? शोकेस रिकामं दिसत असेल तर सोबत माझा फोटो आहे. तो वाजला नाही तरी चालेल.

फोनवर तुम्ही नुसतं "बरं, बरं" म्हणता, म्हणून लिहून देते. या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो; गॅसचा गीझर बिघडला की तो घरात साठतो. अलार्म तुमच्या झोपायच्या खोलीबाहेर, पॅसेजच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला लावा. पडद्यामागे नको, खिडकीजवळ नको आणि शेगडीच्या वर तर नकोच.

अंघोळ झाली की डोकं जड होतं आणि बाहेर पायरीवर बसलं की उतरतं, हे आईनं सहज सांगितलं. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. तिला डॉक्टरांकडे नेलंत का? मेकॅनिक तपासून जाईपर्यंत गॅसचा गीझर बंदच आहे ना? "एकदाच लावला" हेसुद्धा नको.

पत्र मिळालं की रविवारी फोन करा. आईला पलंगावर बसवा, खोलीचं दार लावा आणि अलार्मचं बटण दाबा. दाराआडून ती "ऐकू आलं" म्हणेल, ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय.

तुमची,
धाकटी