मध्यंतरानंतरचा अर्धा तुझा

चिरंजीव ठोंब्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. (साठी उलटलेल्या माणसाला ठोंब्या म्हणू नये, असं तुझ्या सूनबाईचं मत. तिला म्हणावं, माझ्या डोळ्यांपुढे तू अजून बाहीला नाक पुसत असतोस.) इकडे सगळं ठीक. जिना चढताना गुडघे कुरकुरतात आणि उतरताना मी, असं आम्ही वाटून घेतलंय. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू ‘बरी’ एवढंच लिहिणार आणि सूनबाई फोनवर भलतंच सांगणार. वहिनी गेल्यापासून तू खिडकीचा पडदासुद्धा सरकवत नाहीस म्हणे. मी ये म्हटलं, तर तुझं एका ओळीचं उत्तर आलं: ‘मी तिथे येऊन काय करू?’ त्यावर काय लिहावं ते मला सुचत नव्हतं. परवा माझ्या हातून एक गाढवपणा झाला आणि सुचलं.

आपल्या कोपऱ्यावरच्या थिएटरात (ते अजून उभं आहे, खुर्च्या मात्र बसायला लागल्यात) आयर्लंडच्या एका क्रांतिकारकाचा सिनेमा लागलाय. आयर्लंड कुठे आलं ते मी आधी नकाशात पाहून घेतलं. इंग्लंडला इतकं खेटून आहे, की भांडण होणारच. दुपारच्या खेळाला एकटीच गेले. माझा अर्धा असा, नीट ऐकून घे, मग तुला अडायला नको: हा बाबा एका कचेरीत कारकून, ताडमाड उंच, अंगात सगळा वेळ एकच ओव्हरकोट. संध्याकाळी लपूनछपून पत्रकं वाटतो. पकडतात, तुरुंगात घालतात, तिथून तो पाद्र्याचा झगा घालून सटकतो. (झगा घोट्याच्या वर चार बोटं. मी पहारेकरी असते तर तिथेच धरला असता.) एका मुलीवर जीव आहे, पण सांगायला फुरसत नाही. दोस्तांत फूट पडायला लागलेली. शेवटी तो तिच्या दारात उभा, कडीवर हात, आत जावं की मोटारीत बसावं या विचारात, आणि मध्यंतर.

दिवे लागले तशी मी उठले. फाडलेलं तिकीट मुठीत धरलं आणि तरातरा बाहेर येऊन गल्लीच्या तोंडाशी खांबाजवळ उभी राहिले. तू चपला फटफटवत कुठून येतोयस ते बघत. अप्पा अंथरुणाला खिळलेले, घरी कुणीतरी हवंच, म्हणून आपण दोघांत एक तिकीट काढायचो ना, मध्यंतरापर्यंत मी आणि पुढे तू? एवढी वर्षं झाली, अप्पाही गेले, पण पायांना कुणी कळवलंच नाही. जरा वेळाने दारवान बाहेर आला. म्हणाला, “आजी, सिनेमा सुरू झाला.”

मी म्हटलं, “माझा झाला. आता भाऊ येईल.”

बिचाऱ्याने बराच वेळ दार उघडं धरून ठेवलं.

मग भानावर आले आणि लाजून घरी पळाले. दुसऱ्या दिवशी जाऊन उरलेला बघायचा की, असं तू म्हणशील. पण मध्यंतरानंतर आत बसले की मला कुणाच्या तरी जागेवर बसल्यासारखं होतं. (तुझ्या मेहुण्यांबरोबर जायचे तेव्हाही मी इतकी चुळबुळ करायचे, की ते सिनेमाला पुढे मित्रांबरोबर जायला लागले.) म्हणून ठरवलं, प्रेक्षकांची मतं घ्यायची आणि त्यातून शेवट जुळवायचा. कपडे लहानमोठे करायला अर्धी गल्ली माझ्याकडेच येते, आणि कमरेला टेप लावलेली असताना माणूस पळून जाऊ शकत नाही.

पहिला सापडला औषधवाला. त्याचं मत, सिनेमा चांगला, माणूस हट्टी. इंग्रजांशी समझोता झाला होता ना, मग दोस्तांच्या हातापाया पडायचं, एकत्र राहायचं. (हा स्वतः सख्ख्या भावाशी दुकानातल्या एका भिंतीवरून बोलत नाही.) एवढं बोलून त्याने आपणच विषय बदलला आणि कंबर बोटभर सैल ठेवा म्हणाला. मग ग्रंथपालबाई आल्या. त्यांच्या मते इतिहासाची पार वाट लावलीय, दोन लढायांची एक केलीय, दाढीसुद्धा त्या काळातली नाही, निर्मात्यावर खटला भरायला हवा. आणि हे सांगता सांगता एकदम माझ्या अस्तराच्या कापडाला डोळे पुसायला लागल्या. म्हणे, त्या मुलीने टेबलावर दोन ताटं मांडलेली दाखवली हो. पुढे काय झालं ते त्यांना सांगवेना. राहिला वायरमन. त्याने सिनेमा साफ नापास केला. गाणं एक नाही, आणि खाली अक्षरं इतकी भरभर, की वाचून मान वर करेपर्यंत माणूस मेलेला.

“कोण माणूस?” मी विचारलं.

“मेन माणूसच की, मावशी.”

मी तिथेच टेप गुंडाळली. असा शेवट मला चालत नाही, ठोंब्या. तू मला असला शेवट कधी सांगितलाच नाहीस. मी भांडी घासायची, तू विसळायचास आणि विसळता विसळता सांगायचास, की नायकाला गोळी चाटून गेली, मग तो दुसऱ्या गावी गेला आणि त्याने पिठाची गिरणी टाकली. एकाने छत्र्यांचं दुकान काढलं होतं, आठवतं? किती वर्षांनी त्यातले दोनतीन सिनेमे मी टीव्हीवर पुरते पाहिले, तेव्हा कळलं की सगळे मेले होते. तू एकालाही मरू दिलं नव्हतंस. पलीकडच्या खोलीत अप्पा खोकत असायचे आणि अलीकडे तू दुकानांमागून दुकानं काढायचास. मी हसले खूप, आणि मग नाही हसले.

सूनबाईला आणि पोरांना आशीर्वाद. पडदा सरकव.

तुझी,
ताई

ता. क. सिनेमा पुढच्या गुरुवारपर्यंत आहे. फाडलेलं तिकीट पाकिटात घातलंय. तू येऊन काय करणार, तर हे करणार.

ता. क. दारवान म्हणतो हे तिकीट आता चालणार नाही. त्याचं ऐकू नकोस, ते घेऊनच ये. मी खांबाजवळ उभी असेन. धावू नकोस, ते वय गेलं.

ता. क. वहिनीचं मला पुरतं माहीत आहे, तिथे तुला दुकान काढता आलं नाही. या आयरिश माणसाला काढून दे. सायकलींचं चालेल. विसळायची भांडी मी ठेवून देते.