फळ्यावर न लिहिलेला शब्द

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापेक्षा मीच म्हातारी आहे, तरी हे लिहिताना दोनदा कागद बदलला. आज सकाळी इंदरगंजच्या चौराह्यावर भाजी घेत होते. एक बाई दुसरीला सांगत होती, "बच्चे को जुलाब मत देना, पहले डॉक्टर को दिखा लो." मी वळून त्या बाईकडेच बघत राहिले. भाजीवाला म्हणाला, "माताजी, लेना है कि नहीं?" नाहीच घेतली. रिकामी पिशवी घेऊन घरी आले आणि लिहायला बसले.

तुमचा तो शनिवारचा तास आठवतो. वेळापत्रकात नुसतं 'आरोग्य' लिहिलेलं, पण त्यात तुम्ही काय नाही शिकवलंत! ताप कसा मोजायचा, पाळीचे कपडे उन्हातच का वाळवायचे, पोस्टात आपला फॉर्म आपणच कसा भरायचा, कुणी अंगचटीला आलं तर घाबरून न जाता मोठ्यानं कसं ओरडायचं. 'पाळी' म्हटल्याबरोबर वर्गात खसखस पिकायची. तुम्ही खडू खाली ठेवायचात. "हसा गं, पोटभर हसून घ्या. मग लिहा." आणि खरंच आमचं हसणं संपेपर्यंत थांबायचात. शरीराचं नाव घ्यायला लाजणारी मुलगी पुढे दुखणंही लपवते, हे तुम्ही दर शनिवारी सांगायचात.

मग राज्य बदललं. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या शाळेतल्या मराठी न् हिंदी तुकड्या एका वर्गात कोंबल्या. हुकूम आला, शिकवायचं ते हिंदीत. तुमची हिंदी म्हणजे बाई, देवाशप्पथ! "बच्चियों, खिडकी लगाओ," म्हणालात की हिंदी तुकडीतल्या मुरारच्या मुली वहीत तोंड खुपसायच्या; त्यांच्यात खिडकी 'बंद' करतात, 'लगाना' म्हणजे बसवणं. मी दौलतगंजच्या गल्लीत वाढलेली, हिंदी माझ्या तोंडात खेळायची, म्हणून तुम्ही मला फळ्याशी उभं केलंत. तुम्ही मराठीत सांगायचं, मी हिंदीत लिहायचं. काय मिरवले मी! खूश होऊन तुम्ही मला तुमचा थर्मामीटर दिलात, निळ्या डबीतला. तो अजून माझ्याकडे आहे.

त्या शनिवारी विषय होता लहान मुलाचं पोट बिघडण्याचा. तुम्ही सांगता आहात, "लहान मुलाला जुलाब झाल्यावर मीठ घातलेली पेज द्यावी." आणि मी लिहिते आहे, "छोटे बच्चे को जुलाब के बाद नमक डालकर माँड़ दें." आपल्याकडे जुलाब म्हणजे पोट वाहणं. त्यांच्याकडे जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुरारच्या मुलीला आठ महिन्यांची बहीण होती. पुढच्याच आठवड्यात त्या पोरीचं पोट बिघडलं. हिनं शहाण्यासारखी वही उघडली आणि आईला वाचून दाखवलं. आईनं आधी एरंडेल पाजलं, मग मांड. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

वडील ती वही घेऊन शाळेत आले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "बहनजी, हमने तो वही किया जो लिखा था." मोठ्या बाईंनी विचारलं, हे वाक्य कुणाचं? मी दारातच उभी होते. तुम्ही वही वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "वाक्य मेरा है." महिन्याभरात तुमची बदली झाली, पार भिंडच्या पुढे. तेव्हा सगळ्यांच्याच बदल्या होत होत्या, म्हणून कुणी काही विचारलं नाही. जायच्या दिवशी तुम्ही मला व्हरांड्यात जवळ घेतलंत. "तुला त्यांचा शब्द ठाऊक नव्हता, बाळ. मीच कुणाला तरी विचारून घ्यायला हवं होतं. चूक माझी." मी मान हलवली.

पुढे मीही शिकवायला लागले, तोच तास, तोच विषय. मुली हसल्या की खडू खाली ठेवून थांबायचे. लोक म्हणायचे, काय धीराची बाई आहे! माझा जीव आतल्या आत जळायचा. हे पत्र कुठे टाकणार? थर्मामीटरच्या डबीखाली राहील.

बाई, जुलाबचा त्यांचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही, हे खरं. पण पोट वाहण्याला त्यांचा 'दस्त' हा शब्द मला येत होता. त्याचा 'द' मी फळ्यावर काढलाही होता. मग वाटलं, असला घाण शब्द लिहिला तर मुरारच्या मुली मला हसतील. तुम्ही तेव्हा खिडकी लावत होतात, माझ्याकडे तुमची पाठ होती. मी तो 'द' बोटानं पुसला.