बाबांना घेऊन सटाण्याकडे

हर्षाली,

बाबांना घेऊन मी गाडीने निघालेय, परवापर्यंत परत येऊ. तुला विचारलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस, म्हणून तू ड्यूटीला गेल्यावर निघालो. रागावू नकोस. कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवलीय, दूध मात्र तापवायचं राहिलंय.

रिटायर झाल्यावर महाबळेश्वर नको, गोवा नको, आपण नुसतं खायला फिरायचं, असं बाबा ओझरच्या कारखान्यात होते तेव्हापासून म्हणायचे. चांदवडच्या पुढे ढाब्यावर शेवभाजी खायची, मग सटाण्याला खापरावरचे मांडे. पण घशाचं ऑपरेशन झालं आणि जेवणासाठी नळी लागली. तेव्हापासून मी स्वयंपाकघराचं दार लावून उभ्याउभ्याच जेवते, ताटाचा आवाजही होऊ देत नाही.

डॉक्टर तुला म्हणाले ना, आता घरीच सांभाळा, ते बाबांनीही ऐकलंय. काल मला जवळ बसवून हळू आवाजात म्हणाले, "अगं, तू चोरून जेवतेस ते मला कळतं. चल, जाऊन येऊ. तू खा, मी बघतो."

मी म्हटलं, "तुमच्यासमोर मला घास उतरायचा नाही."

"उतरव," म्हणाले. "आणि चव कशी आहे ते मला सांग."

त्यांची पेज गाळून थर्मासमध्ये घेतलीय, औषधंही घेतलीत. फोन संध्याकाळी कर. मांड्यांची चव न रडता कशी सांगायची, तेच सकाळपासून मनात घोकतेय.

आई