नववी कुंडी

३ मे
मोठ्या बाईंनी आज स्टाफरूममध्ये विचारलं, उन्हाळी वर्गात नापास मुलांचं गणित कोण घेणार? गणिताच्या बाई गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी पडल्यात. सगळे शिक्षक एकदम छताकडे बघायला लागले. मी हात वर केला. मी भूगोलाचा, पण गणित काय, गणितच!
शिवाय त्या नापासांत आमची ठकी आहे. अपूर्णांकांनी घात केला. महिनाअखेरच्या फेरपरीक्षेतही नापास झाली तर पुन्हा सहावीत बसायचं, मैत्रिणी पुढे जाणार. पण आता वर्ग बापाकडे आहे, काळजीच मिटली.
ही म्हणाली, बाकी काही करू नका, रोज अर्धा तास तिच्याशेजारी बसा आणि गणितं करून घ्या. हॉस्पिटलच्या ड्यूट्यांमुळे हिला नवीन शिक्षणपद्धतींबद्दल वाचायला वेळ मिळत नाही. दोष तिचा नाही.

४ मे
पहाटे उठून लिहिणार होतो. साडेआठ झालेत.
संकल्प: पुस्तक बंद, फळा बंद, पाढे तर नावालाही नाहीत. फक्त अ‍ॅक्टिव्हिटी. मुलं हसत आली पाहिजेत. ठकीने वर्गात मला सर म्हणायचं, वशिलेबाजी चालणार नाही.

६ मे
अ‍ॅक्टिव्हिटी पहिली: दुकान-दुकान. पाव मीटर रिबीन कापताना एका मुलीच्या वेणीचं टोक गेलं. माप मात्र अचूक होतं. तिची आई येऊन बरंच बोलली. पालकांचा सहभाग वाढतोय.

९ मे
टाळ्यांतून अपूर्णांक. अर्धी टाळी, पाव टाळी. पाव टाळी वाजत नाही, हे प्रयोगाअंती सिद्ध झालं. शेजारच्या वर्गातले चित्रकलेचे सर दोनदा दारात येऊन उभे राहिले. प्रभावित दिसले.
मुलं म्हणे सकाळी गणिताच्या बाईंच्या घरी जातात. बाई पाय उशीवर ठेवून पलंगावरूनच शिकवतात. मला काही वाटत नाही. आजारी माणसाचा तेवढाच वेळ जातो. ठकीने विचारलं, मीही जाऊ का? मी म्हटलं, घरात मास्तर असताना दारोदार कशाला? ती बरं म्हणाली.
एक खटकलं. हल्ली ती घरीसुद्धा मला सर म्हणते.

१२ मे
आज खजिनाशोध! रविवारभर खपून चिठ्ठ्या लपवल्या. शेवटची सर्वांत भारी: व्हरांड्यात चोवीस कुंड्या आहेत, त्यांच्यापैकी तीन अष्टमांश मोजा, तितक्याव्या कुंडीखाली खजिना.
ठकी सगळ्यांच्या आधी धावली आणि नववी कुंडी उचलून बसली. खाली एक गांडूळ. मी सर्वांसमोर म्हटलं, अगं, आठवी! चोवीस भागिले तीन, आठ. वरच्या आकड्याने भागायचं, खालचा नुसता टेकू. ती म्हणाली, नऊ येतंय, सर. मी म्हटलं, मग खजिना कुठाय? मुलं खो-खो हसली. आठवी उचलली, तर लिमलेटच्या गोळ्या!
ठकीने गोळी घेतली नाही. चेहरा एवढासा झाला होता. पण शिक्षकाला कठोर असावंच लागतं.

१५ मे
ठकी जेवताना बोलत नाही. आज मात्र अचानक विचारलं, वरच्याच आकड्याने भागायचं ना, सर? मी म्हटलं, वरच्याच. तिने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, अगदी नक्की. हिने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भांडी जरा जोरात आपटली. ड्यूटीचा ताण.
मलाही झोप नीट लागत नाही. उकाडा फार आहे.

१९ मे
सराव चाचणी. पेपर मीच काढला, मीच तपासला. ठकीला पैकीच्या पैकी! डोळ्यांत पाणीच आलं. बाकी वर्गाला मात्र भोपळा, आणि गंमत म्हणजे सगळ्यांची चुकीची उत्तरं एकसारखी. म्हणजे कॉपी. उद्या प्रामाणिकपणावर अ‍ॅक्टिव्हिटी घेतो.
हिला पेपर दाखवला. हिने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, पुस्तक उघडून बघितलंत का? यश काही लोकांना पचतच नाही.

२१ मे
सगळे पालक एकदम आले. मोठ्या बाईंनी गणिताच्या बाईंना रिक्षातून बोलावून घेतलं. त्या काठी टेकत आल्या आणि उभ्या-उभ्याच पेपर पाहिले. त्यांच्या मते सगळा वर्ग पास. नापास एकटी ठकी. तिला शून्य.
बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, वरच्या आकड्याने भागायला कोणी शिकवलं? ठकी म्हणाली, कोणी नाही, मला आपलं असंच वाटलं.
मी तिथेच उभा होतो. मग बाईंसाठी खुर्ची आणायला गेलो.

२२ मे
वर्ग आता बाईंकडे. मला व्हरांड्याची देखरेख आणि कुंड्यांना पाणी घालणं दिलंय. मोकळ्या हवेतलं काम तब्येतीला चांगलं असतं.
कोणी नाही असं बघून पुस्तक उघडलं. चोवीसचे आठ भाग करायचे. एकेका भागात तीन. असे तीन भाग घ्यायचे. पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी नऊच.

३० मे
आज फेरपरीक्षा. हॉलपर्यंत ठकीबरोबर गेलो. वाटेत एकदाचं सांगून टाकलं, की नऊच बरोबर होतं, चूक माझी होती.
ती म्हणाली, माहीत आहे. त्याच दिवशी घरी येऊन पुस्तकात बघितलं होतं.
मी विचारलं, मग चाचणीत चुकीचं का लिहिलंस?
ती म्हणाली, पेपर तुम्ही तपासणार होतात ना, बाबा.
मग तिने विचारलं, आजचा कोण तपासणार? मी म्हटलं, बाई. ती म्हणाली, मग ठीक आहे, आणि आत जाऊन बसली.
पेपर सुटेपर्यंत मी कुंड्यांना पाणी घातलं.